“मालक, काय करू?” : कामगारांच्या हाती निर्णय कसे सोपवायचे

आमच्या सोलापूरच्या टॉवेल-चादरीच्या शेडमधले एक विणकर संक्रांतीआधी महिना-दीड महिना रोज रात्री सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या सरावाला जातात. दिवसभर मागावर उभं राहायचं आणि रात्री तो उंच, जड ध्वज कमरेच्या पट्ट्यात पेलून तोल सांभाळत चालायचं. कुणी पैसे देत नाही. खांदा भरून आला तरी बोलत नाहीत. कारखान्यात मात्र टॉवेलचे लूप कमी-जास्त यायला लागले की माग बंद करून, जॉबर (माग दुरुस्त करणारा) येईपर्यंत हाताची घडी घालून उभे. मी कित्येक दिवस याला आळस म्हणत होतो.

गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) संपल्यावर एकदा चहाच्या टपरीवर त्यांना विचारलं, “अन्ना, तिकडं एवढं मन लावून करता, मग इथं काय होतं?” ते म्हणाले, “तिकडं कोण सांगतंय मालक? आपलं आपल्यालाच बघावं लागतं. इथं बघायला गेलं की मुकादम म्हणतो, तुला कुणी सांगितलं?”

तेव्हापासून जे करत आलो, त्यातलं काय जमलं आणि काय मी स्वतःच बिघडवलं, ते इथं लिहितोय. टॉवेल-चादरीचा कारखाना असो, शाळेच्या गणवेशाचं शिलाई युनिट असो किंवा दहा माणसांचं ऑफिस, पायऱ्या साधारण याच. तपशील आपापल्या धंद्याचे घाला.

आधी थोडं, हे का चालतं याबद्दल

काम कसं करायचं हे ज्याचं त्यानं ठरवणं, याला स्वायत्तता म्हणतात. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन संशोधकांनी १९७० च्या दशकात कामाची जी मांडणी केली, तिच्यात माणसाला काम आपलं वाटायला लावणाऱ्या पाच गोष्टी आहेत: वेगवेगळी कौशल्यं वापरायला मिळणं, एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातून होणं, त्याचा कुणाला तरी उपयोग असणं, ते कसं करायचं याची मोकळीक, आणि ते बरं झालं की वाईट हे कळणं. पुढे २०११ मध्ये लियू, चेन आणि याओ या संशोधकांनी मोकळीक आणि नवं सुचणं यांच्यामधला दुवा शोधला. मोकळीक दिली की लगेच कल्पना सुचतात असं नाही. मोकळीक मिळाल्यावर काम आवडायला लागतं, आणि आवडलेल्या कामात डोकं आपोआप चालतं. मधली ही आवड गाळून थेट कल्पना मागायला गेलं की सूचनापेटी होते. आमच्याकडेही होती. तिच्यात एकदा गुटख्याची पुडी निघाली.

पण मला सगळ्यात पटलं ते अहमदाबादचं उदाहरण, कारण ते मागांचं आहे. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले, तरी उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथं गेले. त्यांना दिसलं की एकाच शेडमधल्या कामाचे बारीक तुकडे पाडलेत: धागा जोडणारा वेगळा, बाण्याच्या सुताच्या कांड्या भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. प्रत्येकजण आपल्या तुकड्यापुरता, आणि अमुक इतके माग आपले असं म्हणणारं कुणीच नाही. काही मागांचा एक संच आणि त्याची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाकडे, असा प्रस्ताव आला. कामगारांनी तो उचलून धरला आणि कुणी कुणाबरोबर काम करायचं हेही स्वतःच ठरवलं. उत्पादन वाढलं, खराब माल कमी झाला. बरीच वर्षं उलटल्यावर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा एका ठिकाणी ही पद्धत टिकली होती, दुसरीकडे विरत गेली होती. म्हणजे एकदा करून सोडून देण्यासारखं हे काम नाही.

पायरी १: आठवडाभर वही

खिशात मावेल एवढी वही घ्या. आठवडाभर तुम्हाला कुणीही काहीही विचारलं की तारीख, माणूस आणि प्रश्न एवढंच लिहा. उत्तर लिहू नका.

माझं पहिलं पान दुपारच्या आतच भरलं. “किनारीला हिरवा टाकू की मरून?” “बीम (उभ्या सुताचा रूळ) संपत आलंय, पुढचं कुठलं चढवू?” “हा पीस सेकंडमध्ये (डागी मालात) टाकू?” “कैची बोथट झाली, धार लावून आणू?” शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या अक्का बावीस वर्षं कापड कापतायत. त्यांना कैचीची धार मला विचारावी लागते, हे वहीत लिहिलेलं वाचलं तेव्हा लाज वाटली. एरवी मी “हां, आणा” म्हणून पुढे गेलो असतो आणि वर ‘सगळं मलाच बघावं लागतं’ अशी कुरकुरही केली असती.

पायरी २: तीन रकाने

आठवड्याच्या शेवटी मुकादम आणि दोन-तीन जुन्या कामगारांना घेऊन बसा. वहीतला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात टाका: ‘स्वतः ठरवा’, ‘ठरवा आणि सांगा’, ‘विचारून करा’.

तिसरा रकाना लहान ठेवायचा, पण त्याची भिंत पक्की हवी. आमच्याकडे त्यात पाचच गोष्टी आहेत. चालू मशीनचं गार्ड काढणं, हे तर विचारूनही नाही, कधीच नाही. गिऱ्हाइकानं पास केलेली रंगछटा. ठरलेलं माप आणि वजन. माल पाठवायची तारीख. आणि सुताची खरेदी, तिच्याबद्दल शेवटी सांगतो. बाकी सगळं पहिल्या दोन रकान्यांत.

ही बैठक एकट्यानं उरकू नका. मी आधी रविवारी घरी बसून एकट्यानंच यादी केली होती आणि सोमवारी वाचून दाखवली. सगळ्यांनी मान डोलावली आणि मंगळवारी पुन्हा तेच प्रश्न घेऊन आले. मोकळीक कुठं आणि किती, हेही मालकानंच परस्पर ठरवलेलं! दुसऱ्या खेपेला सगळे मिळून बसलो, तेव्हा कांड्या भरणाऱ्या बायकांनी स्वतःहून एक प्रश्न वहीत घातला. तो मला कुणी कधी विचारलाच नव्हता: उन्हाळ्यात दुपारची सुट्टी कधी घ्यायची? मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त भाजतं. त्यांनी ठरवलं की सकाळी लवकर यायचं, दुपारी मोठी सुट्टी घ्यायची आणि संध्याकाळी उरलेलं काम करायचं. एकूण तास तेवढेच, कायद्यात बसतील असे. कुणी काय नवीन शोधलं असं विचारलं की मी आधी हेच सांगतो.

पायरी ३: एक निर्णय, एका वाक्यात

दहा निर्णय एकदम सोपवू नका. एक निवडा, आणि तोही असा की चुकला तर थोडक्यात निभावेल. टॉवेलवाल्यांसाठी किनार ही सगळ्यात स्वस्त जागा. ताणा (उभे धागे) तोच राहतो, फक्त बाण्यातले (आडव्या धाग्यांतले) रंग बदलायचे. बीम बदलावं लागत नाही, नक्षीची कार्डं नव्यानं करावी लागत नाहीत. जकार्डच्या (भोकं पाडलेल्या कार्डांवर नक्षी विणणाऱ्या मागाच्या) चादरीत हे इतकं सोपं नसतं. तिथं नक्षी कार्डातच बांधलेली असते, त्यामुळे विणकराच्या हाती रंगांची निवड आणि मागाची लय एवढंच राहतं. गणवेशवाल्यांना शाळेनं ठरवलेल्या रंगाला हात लावता येत नाही, पण कापड कसं मांडून कापायचं, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे खुलं आहे.

सोपवताना काय हवं, कधीपर्यंत हवं आणि कुंपण कुठं आहे, एवढंच सांगा. कसं करायचं ते सांगू नका. मी असं म्हणालो: “अन्ना, या ऑर्डरला तीन किनारी नमुने हवेत, शनिवारपर्यंत. गोदामात आहे तेच सूत वापरायचं, वजन वाढू द्यायचं नाही. रंग तुम्ही ठरवा.”

आता अवघड भाग. तिथून निघून जा. मानसशास्त्रज्ञ थेरेसा अमाबिले यांनी १९७९ मध्ये एक प्रयोग केला होता. विद्यार्थिनींना कागदाचे तुकडे चिकटवून चित्रं करायला सांगितलं. ज्यांना आधीच सांगितलं होतं की तुमचं काम तपासलं जाणार आहे, त्यांच्या चित्रांत नवेपणा कमी निघाला. मालक मागाजवळ उभा राहणं म्हणजे तोंडानं न सांगितलेली तपासणीच. मी त्या आठवड्यात मुद्दाम दोन दिवस पुण्याची कामं काढली. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसल्यावरही कुर्डूवाडी येईपर्यंत फोन करायची इच्छा आवरत नव्हती, हे कबूल करतो.

तीनपैकी दोन नमुने ठीकठाक होते. तिसऱ्यात त्यांनी जांभळ्याशेजारी मोहरीचा पिवळा घातला होता. मी स्वतः तो कधीच घातला नसता. गिऱ्हाइकानं तोच घेतला. उरलेले दोन अजून कपाटात पडून आहेत. तीनातलं एक लागतं असाच हिशोब धरा.

पायरी ४: मजुरीचा हिशोब, नाहीतर सगळं नाटक

बहुतेक लेखांत ही पायरी नसते, कारण ते महिन्याचा पगार मिळणाऱ्या माणसांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे नगावर मजुरी. विणकरानं दोन तास रंग लावून-काढून पाहिले तर ते दोन तास त्याच्याच खिशातून जातात. त्याला ‘प्रयोग करा’ म्हणणं म्हणजे ‘तुझ्या पैशांनी माझा माल सुधार’ म्हणणं. असा प्रयोग शहाणा माणूस करणार नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

यावर उपाय सोपा आहे, फक्त लेखी हवा. गेल्या चार आठवड्यांची त्याची मजुरी घ्या आणि कामाच्या तासांनी भागा. समजा दिवसाला ६०० रुपये पडतात आणि काम आठ तासांचं, तर ताशी ७५. आठवड्यातले दोन तास नमुन्यासाठी धरले तर १५० रुपये, नगांचा हिशोब बाजूला ठेवून. रंगछटा जुळली नाही म्हणून एखादा तागा परत आला तर किती जातात ते आठवा, म्हणजे हे १५० रुपये टोचणार नाहीत. दिवाणजींना आठवडी पगाराच्या कागदावर ‘नमुना’ असा वेगळा रकाना काढायला सांगा. रकाना नसला की तिसऱ्या आठवड्यात पैसे विसरले जातात आणि त्यांच्यामागोमाग प्रयोगही.

प्रत्येक कल्पनेला रोख बक्षीस लावू का, असं बरेचजण विचारतात. मी लावत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा १९७१ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. ठोकळ्यांचं कोडं सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे बंद झाल्यावर रिकाम्या वेळात त्या कोड्याकडे कमी वळले. मनापासूनचं कौतुक मिळालेल्यांची गोडी मात्र आटली नाही. वेळेचे पैसे पूर्ण द्यायचे आणि कल्पनेला भाव लावायचा नाही. त्या कल्पनेतून खरोखर कमाई झाली तर दिवाळीच्या बोनसमध्ये सगळ्या गटाला द्यावं, आधी जाहीर न करता.

आणि उचल. ज्याच्या डोक्यावर मालकाची मोठी उचल आहे, तो तुमच्यासमोर ‘नाही’ म्हणणार नाही. त्याच्या ‘हो’वर तीन रकाने उभे करू नका. उचलीचा हिशोब महिन्याला हातात द्या आणि कामाच्या बोलण्यात तिचा उल्लेख चुकूनही नको.

पायरी ५: जे मालकाला दिसतं ते त्यांनाही दिसू द्या

सुताचा किलोचा भाव, ऑर्डरची तारीख, परत आलेला माल आणि तो परत का आला, हे फळ्यावर लिहा. नफा लिहायची गरज नाही, पण खर्च लिहा. आम्ही परत आलेला एक टॉवेल भिंतीला टांगतो, जिथं बिघडलंय तिथं टाचणी लावून. कुणी विणला ते लिहायचं नाही. हा नियम एकदा मोडला गेला आणि पुढचा परत आलेला माल महिनाभर गोदामातच लपून राहिला.

पायरी ६: पहिली चूक

आधीच्या पाचही पायऱ्या नीट केल्यात तरी सगळं इथं ठरतं.

आमच्याकडे घडलं असं. सूत कमी पडलं म्हणून एका तरुण विणकरानं स्वतःच्या निर्णयानं दुसरा बॉक्स उघडला. रंग तोच, लॉट (रंगवणीची खेप) वेगळा. उजेडात नेल्यावर दिवसभराच्या मालात दोन निळे दिसत होते. मी सगळ्यांसमोर ओरडलो. नेमकं काय बोललो ते लिहीत नाही, पण त्यात “अक्कल” हा शब्द होता. दुसऱ्या दिवसापासून वहीत पुन्हा प्रश्नांची रांग लागली. कैचीसुद्धा परत आली. तीन आठवडे लागले ते सावरायला.

काही महिन्यांनी तीच चूक दुसऱ्याच्या हातून झाली. या वेळी संध्याकाळी शेड रिकामी झाल्यावर त्याच्याशेजारी स्टुलावर बसलो आणि तीनच गोष्टी विचारल्या. तेव्हा तुला काय दिसत होतं? तू काय धरून चाललास? काय असतं तर कळलं असतं? तिसऱ्याचं उत्तर त्यानं लगेच दिलं. लॉट नंबर फक्त खोक्यावर असतो, खोकी गोदामातच राहतात आणि मागापाशी सुटे कोन (सुताच्या गुंडाळ्या) येतात. मग तो चुकणार नाही तर काय! आता गोदामातून निघतानाच ट्रेला लॉटची चिठ्ठी बांधतात. ओरडून हे मला कधीच कळलं नसतं. पहिल्या वेळी ते कळलंही नव्हतं.

नुकसान कुणी भरायचं हे आधीच ठरवून ठेवा. कुंपणाच्या आत घेतलेल्या निर्णयाचं नुकसान कारखान्याचं. कुंपण माहीत असून ओलांडलं तर वेगळं बोलायचं, तेही एकांतात.

मुकादमाचं काय?

याला पायरीचा आकडा देत नाही, कारण हे खरं तर पहिल्या पायरीआधी करायला हवं होतं आणि मी ते सगळ्यात शेवटी केलं. वीस वर्षं ज्याला विचारल्याशिवाय माग हलत नव्हता, त्याला एके दिवशी कुणीच विचारेनासं झालं. तो गप्प बसला, पण विणकरांनी ठरवलेले रंग ‘सूत संपलं’ म्हणून बदलू लागला. सूत होतं.

गटाला मोकळीक नसेल तर एकेकट्याची मोकळीक फार दिवस टिकत नाही. २०११ च्या त्या अभ्यासातही गटात मिळणारी मोकळीक आणि एकट्याचा मोकळिकीकडचा कल वेगवेगळे पाहिले आहेत. म्हणून मुकादमाला जुनं घेऊन नवं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते शोभेचं असून चालत नाही. आम्ही तीन कामं दिली: नव्या पोरांना शिकवणं, मागांच्या दुरुस्तीचं वेळापत्रक, आणि दोन गटांत वाद झाला तर त्याचा शब्द शेवटचा. पहिले दोन महिने तो नाराजच होता. दुरुस्तीचं वेळापत्रक त्याच्या हातात आल्यावर मात्र लूपची तक्रार होण्याआधीच तो ढिलं पडलेलं बीम पकडायला लागला.

दोन सावधगिऱ्या

सगळ्यांनाच निर्णय नको असतात. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाला आठ तास शांतपणे काम करून निघायचं असतं. त्यांना ढकलू नका, रकाना उघडा ठेवा. आमच्या एक अक्का दोन वर्षं ‘तुम्हीच सांगा’ म्हणत होत्या. मग एक दिवस त्यांनी शिलाईचं टेबल तपासणीच्या टेबलाला लावून घेतलं आणि गठ्ठे उचलून नेण्याची कटकट संपवली. आधी सांगितलंही नाही.

दुसरी बाब उलटी. काम आवडायला लागलं की काहीजण निघायलाच तयार नसतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये ओढीचे दोन प्रकार सांगितले: एक, बाकीच्या आयुष्याला जागा देणारी, आणि दुसरी, माणसालाच धरून ठेवणारी. जेवणाची सुट्टी टाळणं, आजारी असताना येणं, दुसऱ्यानं आपल्या मागाला हात लावला तर चिडणं ही दुसरीची लक्षणं. मालकाला ती सोयीची वाटते आणि तिथंच फसगत होते. वेळ झाली की मोटर बंद करायची, ‘एवढा पीस होऊ दे’ म्हटलं तरी.

पायरी ७: पुन्हा तीच वही

तीन महिन्यांनी पुन्हा आठवडाभर वही ठेवा आणि जुन्या पानाशेजारी नवं पान धरा. प्रश्न किती कमी झाले हे पाहालच, पण ते कसे बदलले ते बघा. ‘काय करू?’च्या जागी ‘असं केलंय, बघा एकदा’ येऊ लागलं असेल तर गाडी रुळावर आहे. प्रश्न एकदम शून्यावर आले असतील तर घाबरा. लोक तुमच्यापासून काहीतरी लपवतायत.

यातलं मला अजून न जमलेलंही सांगतो. सुताची खरेदी मीच करतो. भाव सकाळी एक, दुपारी एक, त्यात उधारीचे संबंध वडिलांच्या काळापासूनचे. दिवाणजी दोनदा म्हणाले, “या महिन्यात मी बघू का?” दोन्ही वेळा मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणालो. वहीत ती ओळ अजून ‘विचारून करा’च्या रकान्यात आहे, आणि परवा बैठकीत कुणीतरी तिच्यापुढे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.